उजवी बाजू

इंपाला, सन बासष्ट. लांबी साडेसतरा फूट.
माधवनगर रोडवरची आमची शेड सोळा फुटी.
म्हणून मागचे सहा लाल दिवे
कायम बाहेर, पोत्याखाली झाकलेले,
आणि पोत्यावर कुणाचं तरी मांजर.

पारिसा चौगुले, टर्नर.
पंपांचे शाफ्ट कातून साठवलेले पैसे घेऊन
मुंबईच्या लिलावात गेले.
चौथ्या दिवशी आई दारात आली
तेव्हा तिला आधी बॉनेट दिसलं,
मग बराच वेळ बॉनेटच दिसत राहिलं,
मग आण्णा.
"म्हशी बांधणार हाय का ह्यात?"
एवढंच म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

शहाण्यानं ॲव्हरेज विचारू नये.
विचारलंच तर आण्णा सांगत,
"उतार असला तर बरं देती."

पार्ट कुठून मिळणार? लेथवरच जन्माला यायचे.
स्टिअरिंगला तडे गेले तेव्हा
मिरजेहून हुसेनसाब सतारमेकर आले,
लाख तापवून तडे बुजवले,
भोपळ्याला करतात तसं पॉलिश केलं,
मग इंजिन चालू करायला सांगून
मडगार्डला कान लावून बसले.
"चौगुले, जवारी बंद वाटत्या.
एक तार बोलत नाही."
आण्णांनी एकेक प्लग काढला.
सहावा काळाठिक्कर.

गाडी अमेरिकेची, स्टिअरिंग डावीकडं.
पुढं उसाचा ट्रॅक्टर असला,
त्याला दोन ट्रॉल्या,
तर डावीकडून ऊसच दिसतो, रस्ता नाही.
कौल द्यायचा उजवीकडं बसलेल्यानं.
ते काम माझं. वय वर्षं नऊ.
मान खिडकीबाहेर, दातांत धूळ,
आणि शब्द दोनच:
थांबा.
जावा.

नक्की का, असं आण्णांनी कधी विचारलं नाही.
आठ सिलिंडर, आई, मागं दोघं धाकटे,
दशम्यांचा डबा, मावशीकडची द्राक्षांची पेटी,
अख्खं घर
माझ्या एका शब्दावर उजवीकडं सरकायचं.
आणि शाळेत मी
फळ्यापाशी उभं राहून हातचा विसरायची.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम.
त्यामुळं कुठंही गेलो तरी चारला परत फिरायचं.
पुढचे चार दिवे
वर्षानुवर्षं नुसतेच पुसले गेले.

आता डावीकडं मी.
उजवीकडं आण्णा, मांडीवर टॉवेल,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात,
"सहावा प्लग हाय. चालतंय."

परवा तासगावहून येताना, कुमठ्याच्या अलीकडं,
पुढं ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. पाचटाची शेपटं लोंबत.
आण्णांनी मान बाहेर काढली,
थोडं थांबले,
"जावा," म्हणाले. मला, स्वतःच्या पोरीला.

त्यांना दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.
मला माहीत आहे, हे त्यांनाही असावं.
पाय ॲक्सिलरेटरवर होता. दाबला नाही.

समोरून काही आलं नाही.
एखादी एसटी, एखादी मोटरसायकल तरी यावी
अशी मी वाट बघत होते.
रस्ता मोकळा.
बराच वेळ नुसता मोकळा.

कवलापूर आलं तेव्हा आण्णा बोलले,
"तू जावा म्हणलीस की मी मनात तीन मोजायचो.
मग जायचो."
मी काही बोलले नाही.
"तू चुकशील म्हणून न्हाई.
तुला परत थांबा म्हणायचं असलं तर
टाइम पायजे म्हणून."

ट्रॅक्टर वळला नाही. आम्हीही काढली नाही.
त्याच्या मागं मागं, बैलगाडीच्या चालीनं,
साडेसतरा फूट,
जेवायची वेळ टळून गेली,
बुधगावच्या पुढं अंधार पडला.
मी बटण ओढलं.

चारातले तीन लागले.